रिकाम्या खोलीची व्याख्या

आमच्या घरात सासऱ्यांना सगळे 'सर' म्हणतात. पोटच्या दोन मुलांनीही त्यांना कधी बाबा म्हटलं नाही. सर शाळेत कवायत शिकवायचे आणि घर हीसुद्धा एक तुकडीच आहे, असं त्यांचं मत होतं. सकाळी कोणी कधी उठायचं, आंघोळीला आधी कोण जाणार, चपला कुठे काढायच्या, सगळं ठरलेलं. त्यात सगळ्यात कडक नियम दुपारचा. जेवण झालं की सर आपल्या खोलीत जाऊन दार लावून झोपत, आणि चार वाजता चहाचा कप जाईपर्यंत ते दार कोणी उघडायचं नाही. त्या वेळात मोठ्याने बोलणं नाही, भांडं वाजवणं नाही, दाराची बेल तर कधीचीच काढून टाकलेली. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात दुपारी माझ्या हातून कुकरचं झाकण पडलं. सर काही बोलले नाहीत. जाऊबाई बोलल्या, मोठे भावजी बोलले, आणि शेवटी माझा नवराही बोलला, जो एरवी शिंकायच्या आधीसुद्धा आजूबाजूला परवानगी मागतो.

सर पडले तेही शिस्तीपायीच. खोलीतल्या जुन्या एसीची जाळी धुवायला माणूस बोलावणं म्हणजे आळशीपणा, म्हणून सत्तरी ओलांडलेला माणूस स्वतः स्टुलावर चढला. स्टूल सरकलं. मान मोडली आणि मानेखालचं शरीर त्या दिवसापासून त्यांचं राहिलं नाही. गळ्याला नळी बसवावी लागली, तिच्यापायी आवाजही गेला. डोकं मात्र पूर्ण शाबूत. एकदा डोळे मिटले की 'हो', दोनदा मिटले की 'नाही', एवढीच भाषा उरली. ज्यांच्या एका आरोळीवर आख्खं मैदान पाय आपटायचं, त्यांच्याशी आता घरातले लोक लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने आणि हळूहळू बोलायला लागले. मला त्याची चीड यायची.

हॉस्पिटलमधून घरी आणताना डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांना समोर उभं करून एक गोष्ट सांगितली होती.

"यांना आता घाम येणार नाही. आपण तापलो की घाम येतो आणि शरीर निवतं. यांचं तसं होत नाही. खोली तापली की हे तापणार. उन्हाळ्यात एसी ही यांची चैन नाही, औषध आहे. खोली गार ठेवा, नाहीतर एखाद्या दुपारी हातचे जातील."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढं आमच्या घराला छान जमतं.

जुना एसी ट्रकसारखा घुरघुरायचा, वीज घटाघटा प्यायचा, पण बिचारा एकदा लावला की लावला. खोलीत कोण आहे, काय करतंय, असल्या भोचक चौकशा त्याने कधी केल्या नाहीत. पण तो मोठ्या भावजींच्या डोळ्यांत खुपायचा. भावजी ज्या सरकारी कचेरीत आहेत, तिथे घरातल्या मशिनांनी किती वीज खावी याचे नियम ठरतात. फ्रिज झाले, पंखे झाले, मग एसीची पाळी आली. उन्हाळ्यात थंड करणारे आणि हिवाळ्यात उलटे चालून खोली गरम करणारे, दोन्हींना मिळून एकच नवा नियम करायचा होता आणि तो लिहिणाऱ्या समितीत भावजी होते. कित्येक सुट्ट्या त्यांनी त्यात घातल्या. खरं तेच सांगते, माणूस स्वच्छ आहे. कंपन्यांकडून भेटवस्तूंची खोकी यायची, ती भावजी दारातूनच परत पाठवायचे. जाऊबाई नुसत्या खोक्याच्या आकाराकडे बघून उसासा टाकायच्या.

"शहराची वीज जाते कुठे, माहीत आहे?" जेवताना ते सांगायचे. "रिकाम्या खोल्यांत. माणूस बाहेर गेलाय आणि एसी भिंती गार करत बसलाय. हे पाप आहे, पाप."

म्हणून नव्या नियमात डोळा आला. घरगुती वापराच्या प्रत्येक मशीनला एक डोळा हवा. खोलीत कोणी नाही असं दिसलं की मशीनने आपलं आपण थांबायचं, आणि कोणी आलं की परत सुरू व्हायचं. कंपन्या म्हणाल्या, डोळा बंद करायला एक बटण तरी द्या. भावजी अडून बसले. बटण दिलं की लोक पहिल्याच दिवशी डोळा बंद करून टाकतील आणि सगळी मेहनत वाया जाईल. बटण नाही म्हणजे नाही. अखेर तसंच ठरलं. त्या दिवशी भावजी शीळ घालत घरी आले. त्यांना शीळ घालता येते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

नव्या नियमाचं पहिलं मशीन त्यांनी सरांच्या खोलीत बसवलं. पांढरंशुभ्र, आवाज जवळजवळ नाहीच, आणि समोर वीजबचतीच्या सगळ्यात वरच्या श्रेणीचं लेबल. ते लेबल काढायला भावजींनी कोणाला हात लावू दिला नाही. पलंगासमोर उभं राहून ते म्हणाले, "सर, पहिला मान तुमचा." सरांनी एकदा डोळे मिटले. आपल्या मुलाचं कौतुक त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं होतं.

तेव्हा दिवसभर सरांजवळ त्यांचं करायला ठेवलेल्या मावशी असायच्या. त्यांना आम्ही आपसांत 'रेडिओ' म्हणायचो, कारण सकाळी आल्या की सुरू झाल्या आणि संध्याकाळी गेल्या की बंद. सरांना कुशीवर वळवताना, पाठ पुसताना, उशी झटकताना, पडदा ओढताना त्यांचं तोंड चालूच. त्यांच्या गल्लीतली एक मुलगी ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी टेम्पोवाल्याबरोबर पळून गेली होती. ती गोष्ट मावशी सरांना रोज थोडी थोडी सांगायच्या. आज मुलीच्या बापाने काय केलं, उद्या टेम्पोवाल्याच्या आईने काय शिव्या घातल्या. मी सुट्टीच्या दिवशी दारातून बघायचे. सरांचे डोळे हसत असायचे. उभ्या आयुष्यात ज्या माणसाने गावगप्पांना घरात थारा दिला नाही, तो त्या टेम्पोवाल्याची चातकासारखी वाट बघायचा.

आणि मावशी दुपारीही खोलीबाहेर यायच्या नाहीत. जाऊबाईंनी चारदा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

एका सुट्टीच्या दुपारी भावजी बाहेरच्या खोलीत भाषण लिहीत बसले होते. नव्या नियमावर कुठेतरी बोलायचं होतं. मी चष्म्यांच्या दुकानात काम करते, माझीही त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. सरांच्या खोलीतून मावशींचं खो-खो हसणं आलं. भावजी उठले आणि सरळ दार उघडून आत गेले.

"मावशी, ही सरांची झोपायची वेळ आहे."

"झोपतायत कुठे, साहेब? छताकडे बघत पडलेले असतात. मी बोलते म्हणून तेवढाच वेळ जातो त्यांचा."

"पन्नास वर्षांची सवय आहे त्यांची. ती तुमच्यासाठी मोडायची का?" मग भावजी पलंगावर वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "सर, दुपारी तुम्हाला शांतता हवी ना?"

सरांनी डोळे मिटले. मिटले ते मिटलेच, उघडेनात. भुवया ताणलेल्या, पापण्या घट्ट आवळलेल्या.

"बघा, हो म्हणाले," भावजी म्हणाले.

"हे हो नाही, साहेब," मावशी म्हणाल्या. "हे तोंड फिरवणं आहे. बाकी काही फिरवता येत नाही त्यांना."

असं बोलणाऱ्या बाईला आमच्या घरात दुसऱ्या दिवशी जागा असणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "भावजी, सरांनी डोळे उघडले की एकदा परत विचारा ना."

"तुला काय कळतंय त्यातलं? आम्ही त्यांच्या हाताखाली वाढलोय. तू काल आलीस."

माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. मी नवऱ्याकडे बघितलं. तो चप्पल शोधत होता.

मावशींच्या जागी एक शिकलेली नर्स आली. पांढरे बूट, तोंडातून अवाक्षर नाही. सकाळी सरांचं सगळं करायची, दुपारचं भरवून निघून जायची, संध्याकाळी परत यायची. मधल्या वेळात दार बंद. जाऊबाई म्हणाल्या, "आता कसं घर घरासारखं वाटतंय."

उन्हाळा चढत गेला आणि सरांना संध्याकाळचा ताप येऊ लागला. रात्रीपर्यंत उतरायचा, दुसऱ्या दिवशी परत चढायचा. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग असेल. रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला, औषधांवर औषधं झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सर दिवसेंदिवस वाळत चालले होते. मी रोज विचारायचे, "सर, फार त्रास होतोय का?" ते दोनदा डोळे मिटायचे. तक्रार करणाऱ्या पोराला मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा माणूस तो, स्वतः काय तक्रार करणार?

एकदा मी दुकानातून लवकर आले आणि चहाचा कप मीच आत नेला. दार उघडलं तर आतली हवा उबट. मी जाऊबाईंना म्हटलं, "वहिनी, खोली गरम लागते हो."

"तुला हल्ली सगळंच गरम लागतं," त्या म्हणाल्या. "वयच आहे आता तुझं तसं."

तरी मी भावजींच्या कानावर घातलं. ते लगेच उठून आले, याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. मशीनखाली उभं राहून त्यांनी हात वर धरला. गार हवेचा झोत येत होता. मशीनवर चोवीसचा आकडा दिसत होता.

"धर, तूच हात धर. दार उघडलंस की बाहेरची गरम हवा आत येते, ती लागली तुला. आणि हा आकडा वाच."

तो आकडा आपण मशीनला किती सांगितलंय त्याचा असतो, खोली खरोखर किती गार आहे त्याचा नाही. हे भावजींना माहीत होतं. पण आपल्याच लेकराने सांगितलेला आकडा कोण पडताळून बघतं?

त्यानंतरच्या माझ्या सुट्टीला ऊन असं होतं की गॅलरीच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर भाजावं. घर चिडीचूप. जाऊबाई आपल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. मी भाजी निवडत बसले होते, पण लक्ष सरांच्या दाराकडे होतं. शेवटी उठले आणि चहाच्या कपाशिवाय, भर दुपारी, सरांच्या खोलीचं दार उघडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं दार उघडावं, तशी वाफ अंगावर आली. सर लालबुंद झाले होते. कपाळाला हात लावला तर तवा. घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धवट उघडे, पण ते मला बघत नव्हते. वर ते पांढरंशुभ्र मशीन तोंड मिटून गप्प बसलं होतं. मी आणखी दोन पावलं आत टाकली, आणि त्याने गोड आवाजात टिंग केलं, झडप उघडली आणि गार हवा सोडायला सुरुवात केली. पाहुणे आल्यावर लगबग करणाऱ्या सुनेसारखं.

मी ओरडले. त्या वेळेला त्या घरात कोणी ओरडण्याची ती पहिलीच वेळ असेल. टॉवेल भिजवले, सरांच्या अंगावर टाकले, जाऊबाईंना हलवून उठवलं, ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलच्या बाकावर भावजी, माझा नवरा, जाऊबाई आणि मी बसलो होतो. सर आत होते, जगतील की नाही हे कोणी सांगत नव्हतं. मी जे पाहिलं ते सांगितलं. मी गेले तेव्हा मशीन बंद होतं. मी हलले तेव्हा सुरू झालं. भावजींना समजायला क्षणसुद्धा लागला नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"त्याला वाटलं, खोलीत कोणी नाही," ते म्हणाले.

"पण दादा, सर होते ना," माझा नवरा म्हणाला.

"व्याख्या हालचालीची आहे. सलग वीस मिनिटं हालचाल दिसली नाही, तर ती खोली रिकामी धरायची. तसं लिहिलंय."

"कोणी लिहिलंय?" मी विचारलं.

"मी."

त्यांनी चष्मा काढला आणि तळव्यांनी डोळे दाबून धरले. खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मला त्या माणसाची पहिल्यांदा दया आली. मी पाण्याची बाटली पुढे केली. ते पाणी प्यायले, चष्मा पुसून परत घातला, आणि म्हणाले, "हे घराबाहेर जायला नको."

माझी दया तिथल्या तिथे वाळली.

"कंपन्या टपून बसल्यात," ते सांगू लागले. "एक बातमी लागली की डोळा जाईल. बटण येईल. सगळं काम पाण्यात. तुला कल्पना नाही, लाखो घरांची वीज आहे ही. एका घरात जे झालं त्यासाठी चांगला नियम बुडवायचा का?"

"आणि दुसऱ्या घरांत अशी पडून असलेली माणसं असतील, त्यांचं काय?"

"अशी कितीशी असणार? आणि अशा माणसाजवळ घरातलं कोणी ना कोणी बसलेलं असतंच की."

बोलून गेले आणि स्वतःचेच शब्द ऐकून थांबले. जाऊबाई समोरच्या भिंतीवरची सूचना वाचायला लागल्या. माझा नवरा बोटं मोडत राहिला.

"नियमात एक ओळ तरी घाला," मी म्हटलं.

"पुढच्या आढाव्यात मांडतो."

"तो कधी?"

"अजून ठरलेलं नाही."

सर वाचले. घरी आले ते अर्धे होऊन. आणि घरात खल सुरू झाला की दुपारचं करायचं काय. डोळा बंद करता येत नाही. त्याच्यावर चिकटपट्टी लावली तर त्याला काहीच दिसणार नाही, म्हणजे खोली रिकामीच. जुना एसी मोडीत गेलेला. नव्या नियमामुळे दुकानात जी मशिनं मिळतात ती सगळी डोळ्यांचीच. राहता राहिला एकच उपाय, दुपारी सरांजवळ माणूस बसवणं.

"मला दुपारी पडावंच लागतं," जाऊबाई म्हणाल्या. "गुडघे बघितलेस का माझे?"

माझ्या नवऱ्याची नोकरी, भावजींची नोकरी, माझी नोकरी. मी म्हटलं, "मावशींना परत बोलवू या."

"ज्या बाईला शिस्तीसाठी काढलं, तिला आता कोणत्या तोंडाने बोलवायचं?" भावजी म्हणाले. "शिवाय ती चार घरांत फिरते. तिच्या जिभेला हाड आहे का? उद्या गावभर होईल."

तेव्हा माझा नवरा बोलला. हाताने काहीतरी जुळवत बसण्याची त्याला आवड आहे आणि त्या आवडीकडे आजवर कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याने माळ्यावरचा जुना टेबलफॅन काढला, पाती उतरवली, नुसतं डोकं डावीकडून उजवीकडे फिरत राहील असं केलं. मशीनच्या डोळ्याला नुसती हालचाल पुरत नाही, ऊबही लागते, म्हणून जाळीला एक छोटा दिवा बांधला. दिव्याचा उजेड सरांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून जाऊबाईंनी त्याच्यावर त्यांचाच एक जुना लोकरी मोजा चढवला. फॅन पलंगाशेजारच्या खुर्चीवर ठेवला. मशीन फसलं. खोली दुपारभर गार राहिली.

"वा!" भावजी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा भावाची पाठ थोपटली. नवरा लाजला.

खुर्चीवर बसून ते मोजा घातलेलं डोकं डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं. कोणीतरी सारखं 'नाही, नाही' म्हणत बसलंय असं वाटायचं. घरात त्याचं नाव 'पाहुणा' पडलं. "पाहुणा लावलास का गं?" जाऊबाई जेवणानंतर हाक मारून विचारायच्या आणि दार ओढून घ्यायच्या.

पहिल्या दिवशी भावजींनी सरांना विचारलं होतं, "सर, हे चालेल ना?"

सरांनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले, उघडले. अगदी सावकाश, कोणालाही मोजता यावं असं.

"अजून ग्लानीत आहेत," भावजी म्हणाले.

मी कोणाला न सांगता मावशींना शोधत गेले. त्यांना दुसरं घर मिळालं होतं, एका तान्ह्या बाळाचं. बाळाला मांडीवर थोपटत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला यायला नाही जमणार, ताई. हे पोर आता मला सोडत नाही. पण सरांना एवढं सांगा, ती मुलगी परत आली. टेम्पोवाल्यासकट. आणि आता बाप टेम्पोत पुढे बसून फिरतो, जावई माझा म्हणून सांगतो सगळ्यांना."

पुढच्या सुट्टीला मी पाहुण्याचा प्लग काढला, त्याला खुर्चीवरून उतरवलं आणि त्याच्या जागी मी बसले. सरांना सगळी गोष्ट मावशींच्या थाटात सांगितली, हातवारे करून. बाप टेम्पोत बसला, इथपर्यंत आले तेव्हा सरांचे डोळे हसले आणि हसता हसता भरून वाहायला लागले. त्यांना ते पुसता येत नव्हते, मी पुसले.

"सर, मी रोज दुपारी येऊन बसू का?"

एकदा. लगेच.

दुकानाच्या मालकाला मी दुपारची सुट्टी मागितली, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबेन म्हटलं. तो बरा माणूस आहे. पुढच्या महिन्यापासून बघू, म्हणाला. मी सरांना येऊन सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून नक्की." त्यांनी एकदा डोळे मिटले.

महिना उजाडायच्या आतच दुकानात फोन आला. मी पोचले तोपर्यंत डॉक्टर आले होते. खोली इतकी गार होती की दारातच अंगावर काटा आला. सरांचे डोळे उघडे होते, छताकडे. पाहुणा अजून चालूच होता. कोणाला तो बंद करायचं सुचलं नव्हतं. तो डावीकडे बघत होता, उजवीकडे बघत होता, आणि मशीन त्याच्यासाठी खोली गार ठेवत होतं. मी आधी त्याचा प्लग ओढून काढला. एवढ्या जोरात की खुर्ची कलंडली. मग मी सरांचे डोळे मिटले.

"किती वाजता गेले?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना कागदावर वेळ लिहायची होती.

जाऊबाईंनी घड्याळाकडे बघितलं.

"अंगावरून कळत नाही का?" भावजींनी विचारलं.

"खोली फार गार आहे. अशा खोलीत अंग लवकर निवतं. आत्ता गेले की जेवण झाल्या झाल्या गेले, मला खात्रीने सांगता येणार नाही." डॉक्टरांनी आमच्या चौघांकडे आळीपाळीने बघितलं. "शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?"

"आम्ही सगळे इथेच तर असतो," जाऊबाई म्हणाल्या.

"कोणी नव्हतं," मी म्हटलं.

भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही. ते मशीनकडेही बघत नव्हते. हातातल्या रुमालाची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते.

"चार लिहा, डॉक्टर," ते म्हणाले. "चार वाजता आम्ही चहा घेऊन आत आलो."

डॉक्टरांनी चार लिहिलं.